विचारा, सांगते : पहाटे डबे, दिवसभर बँक, मग व्यायाम कधी?

प्रश्न : ताई, नमस्कार. मी फुलेवाडीत राहते. वय ३८, उंची पाच फूट दोन इंच, वजन ७४ किलो. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा चार वर्षांचा. लक्ष्मीपुरीत बँकेत नोकरी करते. पहाटे सव्वापाचला उठते, पावणेसातपर्यंत तीन डबे होतात, मुलीची रिक्षा सात दहाला येते. संध्याकाळी साडेसहाला घरी पोचते, मग मुलीचा अभ्यास, स्वयंपाक, आवराआवर. झोपायला सव्वाअकरा होतात. मिस्टरांचं गांधीनगरात कापडाचं दुकान आहे, ते साडेआठपर्यंत येतात. सासूबाई घरी असतात, पण त्यांचे गुडघे दुखतात. धाकट्याच्या वेळी सिझेरियन झालं, तेव्हापासून सुटलेलं पोट आत गेलंच नाही. माझ्या आईला मधुमेह आहे, त्याची भीती वाटते. जानेवारीत जिमचे वर्षाचे पैसे भरले. सतरा दिवस गेले, मग मुलाला ताप आला आणि जे सुटलं ते सुटलंच. मिस्टर म्हणतात, 'तू मनावरच घेत नाहीस.' पहाटे साडेचारला उठायला लागू का? खाण्यापिण्याचंही सांगा. (लिहायला संकोच वाटतो, पण जिममध्ये उड्या मारताना लघवीचे थेंब गळायचे. जिम सुटायला तेही एक कारण झालं.)
— एक वाचक, फुलेवाडी

उत्तर : तुम्ही जे शेवटी कंसात लिहिलंत, तिथूनच सुरुवात करते. फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करताना मला बावीस वर्षं झाली. या काळात किती बायकांनी ही गोष्ट अगदी जाता जाता, दाराच्या कडीला हात लावून सांगितली, त्याची मोजदाद नाही. गुडघ्यासाठी येतात, पाठीसाठी येतात, आणि उठता उठता हळूच म्हणतात, 'अजून एक होतं…' तुमच्यात काही कमी आहे म्हणून हे होत नाही. नऊ महिने पोटातल्या बाळाचा भार ओटीपोटाच्या तळाशी असलेल्या स्नायूंवर पडतो आणि ते सैल पडतात. सिझेरियन झालं तरी हे होऊ शकतं, कारण भार तर पडलेलाच असतो. मला राग येतो तो नव्या बाईला पहिल्याच आठवड्यात उड्या मारायला लावणाऱ्यांचा. बाळंतपणं किती झाली, कशी झाली, एवढं तरी आधी विचारायला हवं की नाही?

हे बहुतेकींचं व्यायामानं सुधारतं. उताणं पडा, गुडघे दुमडा. लघवी आणि वारा दोन्ही रोखून धरताना जे स्नायू आवळतो, ते आत आणि वर ओढून घ्या. मांड्या, कुल्ले, पोट ढिलं राहिलं पाहिजे आणि श्वास चालू राहिला पाहिजे. पाच सेकंद धरा, पाच सेकंद सोडा. सोडणं पूर्ण झालं पाहिजे, ते अर्धवट ठेवू नका. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा, किमान तीन महिने. सवय झाली की हे बसल्या बसल्या कुठंही करता येतं, समोरच्याला कळतही नाही. फक्त लघवी करताना मध्येच थांबवून सराव करू नका. खोकला किंवा शिंक येतेय असं वाटलं की आधी आवळा, मग खोका. तोवर उड्या आणि दोरी बंद. तीन महिन्यांत फरक पडला नाही तर स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा फिजिओथेरपिस्टला दाखवा.

पोटाचंही तसंच आहे. उताणं पडून डोकं जरा उचला आणि बेंबीच्या वर मधोमध बोटं दाबून बघा. दोन किंवा जास्त बोटं आत जात असतील तर पोटाच्या उभ्या स्नायूंमधली फट अजून भरलेली नाही असं समजा. अशा वेळी पाठ उचलून केलेले पोटाचे व्यायाम उलटे पडू शकतात, म्हणून आधी तपासून घ्या.

आता 'मनावर घेण्या'बद्दल. तुम्ही मनावर घेतलं होतं. पहाटे सव्वापाचला उठणारी, तीन डबे करणारी, नोकरी सांभाळणारी बाई सतरा दिवस जिमला गेली, याला मनावर घेणंच म्हणतात. मुलाला ताप आला तेव्हा घरात कोण थांबलं? तुम्ही थांबलात. ताप उतरल्यावर 'आता तू पुन्हा जा, मी घर बघतो' असं कुणी म्हणालं का? पत्रात तसं काही नाही. तुमच्याकडे कमी आहे ती वेळ, आणि ती एकट्या तुमच्या झोपेतून कापून काढायची नाही. म्हणून साडेचारला उठू नका. आत्ताच जेमतेम सहा तास झोप होते. ती पाचावर आली की भूक वाढते, गोड आणि तळलेलं जास्त खावंसं वाटतं आणि व्यायामाचा फायदा तिथंच संपतो. उलट जमलं तर रात्री अर्धा तास आधी झोपा.

मी तुम्हाला दोन वेळा सुचवते. एक तुमच्या हातातली आणि एक घरानं द्यायची.

हातातली आधी. आपल्या कोल्हापुरात व्यायाम म्हटलं की तालीम आठवते, लाल माती, शंभर-शंभर जोर आणि बैठका. माझे आजोबा मंगळवार पेठेतल्या तालमीत जायचे. गावात खासबागसारखं कुस्तीचं मैदान आणि घरोघरी तालमीच्या गोष्टी. पण आज बहुतेक घरांत खुराक तेवढा राहिलाय, तालीम गेलीय. म्हशीचं दूध, तूप, रस्सा सगळं तसंच आहे, आणि ते जिरवणाऱ्या बैठका कुणीच काढत नाही. आणि बायकांच्या वाट्याला तर ती तालीम कधी आलीच नाही. जोर आणि बैठक यांच्याइतका साधा आणि पुरेपूर व्यायाम आजही दुसरा नाही, तर तोच घरात आणूया.

सकाळी कुकर लावला की तीन-चार शिट्ट्या होईपर्यंत दहा-बारा मिनिटं मिळतात. स्वयंपाकघरातच एक भक्कम, चाकं नसलेली खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. तिच्याकडे पाठ करून उभ्या राहा. पावलांत खांद्याएवढं अंतर, टाचा जमिनीला घट्ट, हात छातीशी. आता बूड मागं नेत, मनात चार मोजत खाली या. खुर्चीला नुसता स्पर्श करा, बसून जाऊ नका, आणि श्वास सोडत वर उठा. उठताना वर सांगितलेले तळाचे स्नायू आवळा. गुडघे आत एकमेकांकडे पडू देऊ नका. पहिल्या आठवड्यात आठ बैठका, मिनिटभर थांबून आणखी आठ. मग ओट्यावरचे जोर. गॅसपासून लांबची, कोरडी बाजू निवडा. ओट्याच्या कडेवर तळवे टेकवा, पाय दोन पावलं मागं घ्या, डोक्यापासून टाचेपर्यंत अंग फळीसारखं सरळ ठेवा. छाती ओट्याकडे न्या आणि ढकलून परत या. हेही आठ-आठ. ओटा जड वाटला तर भिंतीवर हात ठेवून करा. सकाळी अंथरुणातून उठण्याआधी गुडघे दुमडून कंबर वर उचलायची, पाच मोजायचे, खाली ठेवायची, असं दहा वेळा. दर आठवड्याला दोन-दोन वाढवत पंधरापर्यंत न्या. त्यानंतर बैठका काढताना दोन लिटरची पाण्याची बाटली छातीशी धरा. हे आठवड्यातून तीन दिवस पुरे, मध्ये एकेक दिवस सोडून. आजोबा सांगायचे, नवं पोर पहिल्याच दिवशी फार मेहनत करू लागलं तर वस्ताद त्याला थांबवायचे. तुम्हालाही मी तेच सांगते. पहिले पंधरा दिवस 'हे फारच थोडं झालं' असंच वाटलं पाहिजे.

आता घरानं द्यायची वेळ. मंगळवार, गुरुवार, शनिवार रात्री पावणेनऊ ते सव्वानऊ. मिस्टर साडेआठला येतात, म्हणजे जमण्यासारखं आहे. या अर्ध्या तासात मागचं आवरणं, मुलाला झोपवणं, मुलीचं दप्तर भरणं त्यांच्याकडे. हे 'जमलं तर बघा' असं सांगू नका. रविवारी दोघं शांत बसलेले असताना सांगा, आणि हे पत्र आणि उत्तर दोन्ही त्यांना वाचायला द्या. दादा, तुम्ही हे वाचत असाल तर तुम्हालाही सांगते. तुमच्या सासूबाईंना मधुमेह आहे, बायकोचं वजन त्या वाटेवर आहे. आठवड्यातून दीड तास घर तुम्ही सांभाळलंत तर त्यातलं बरंच टळू शकतं. मुलाला ताप आला तर त्या रात्री तुमच्यापैकी कुणीही थांबा, पण पुढच्या मंगळवारी तिचा अर्धा तास तिला परत मिळालाच पाहिजे.

त्या वेळेत चाला. फुलेवाडीहून रंकाळा जवळ आहे, रात्री तिथं माणसांची वर्दळ असते, दिवे असतात. शेजारच्या एखादीला बरोबर घ्या, म्हणजे एकटीला संकोच वाटणार नाही. वेग असा हवा की बोलता येईल, पण गाणं म्हणता येणार नाही. चांगले बूट घ्या, चपलेवर अर्धा तास झपझप चालू नका. आणि फेरी संपल्यावर चौपाटीवरच्या गाड्यांकडे वळायचं नाही, हे मैत्रिणीशी आधीच ठरवून टाका. बँकेत दुपारच्या डब्यानंतर दहा मिनिटं जिन्यात किंवा गल्लीत चाला. जेवणानंतर चाललं की रक्तातली साखर कमी चढते, आणि तुमच्या आईच्या आजाराकडे बघता हे तुमच्यासाठी महत्त्वाचं आहे. रविवारी मुलांना घेऊन टेंबलाईच्या टेकडीवर जा. हे सगळं मिळून आठवड्याची १५० मिनिटं सहज भरतात. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० साली मोठ्या माणसांसाठी किमान तेवढीच सांगितली आहेत, वर दोन दिवस स्नायूंचा व्यायाम. ती सलग तासभर असली पाहिजेत असंही नाही, तुकड्या-तुकड्यांनी केलेली हालचालही धरली जाते.

पण एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. नुसत्या चालण्यानं वजन फारसं उतरत नाही. अर्धा तास झपझप चालून तुमच्या वजनाला साधारण सव्वाशे ते दीडशे कॅलरी खर्च होतात, आणि संध्याकाळी पाचला बँकेत फरसाणाची एक मूठ खाल्ली की तेवढ्याच परत येतात. वजन उतरतं ते मुख्यतः ताटावर. व्यायामानं स्नायू टिकतात, साखर आणि रक्तदाब आवाक्यात राहतात आणि उतरलेलं वजन परत चढत नाही.

तुम्ही स्वतःचा वेगळा डाएट करायला जाऊ नका. चार माणसांचा स्वयंपाक करून वर स्वतःसाठी पाचवा कुणालाच जमत नाही. सगळ्यांच्या स्वयंपाकात तीन बदल करा. पहिला, तेलाचा. महिन्याला किती पिशव्या लागतात ते मोजा. दिवसाला माणशी चहाचे चार-पाच चमचे तेल पुष्कळ होतं, म्हणजे महिन्याला माणशी ६०० ते ७५० ग्रॅम. तुम्ही पाच जण, त्यात दोन लहान, म्हणजे साडेतीन किलोत भागायला हवं. त्यापेक्षा जास्त लागत असेल तर महिन्याचं तेल एका डब्यात काढून ठेवा आणि कढईत थेट पिशवीतून ओतायचं बंद करा. चमचा वापरा. दुसरा, प्रथिनांचा. तुमच्या डब्यात चपाती-भाजी असते, पण उसळ, दही, अंडं किती वेळा असतं? मटकी, मसूर, हरभरा यांतलं काहीतरी रोज एक वाटी हवं आणि सकाळी दोन अंडी किंवा मुगाचं धिरडं. दोन अंड्यांत साधारण बारा ग्रॅम प्रथिनं मिळतात. सकाळी काही न खाता अकराला भूक लागली की हात फरसाणाकडेच जातो. त्यापेक्षा पाचसाठी पर्समध्ये भाजलेले चणे किंवा एक फळ ठेवा.

तिसरा बदल मुलांच्या ताटाचा, आणि यावर मला जास्त बोलायचं आहे. पोरांनी टाकलेली अर्धी चपाती, वरण-भाताचे चार घास, डब्यात परत आलेला पराठा. अन्न टाकायचं नाही म्हणून हे सगळं आईच्या पोटात जातं आणि ते 'जेवण' म्हणून कुणी धरतच नाही. माझी धाकटी तीन वर्षांची असताना मी आठ दिवस असा एकेक उष्टा घास वहीत लिहून ठेवला होता. रोज किमान एक चपाती आणि वाटीभर भात माझ्या जेवणाशिवाय वर जात होता. मुलांना आधी अर्धीच चपाती वाढा, मागितली की पुन्हा वाढा. डब्यात एक पराठा कमी घाला. उरलंच तर फ्रिजमध्ये, नाहीतर गल्लीतल्या कुत्र्याला. तुमचं पोट म्हणजे घरातलं उरलंसुरलं ठेवायचा डबा नाही.

चहाबद्दल तुम्ही लिहिलेलं नाही, पण दिवसातून चार कप आणि प्रत्येकात दोन चमचे असतील तर तेवढ्यातच सुमारे चाळीस ग्रॅम साखर होते, आणि दिवसभराची साखर पंचवीसच्या आत असणं उत्तम. दर पंधरा दिवसांनी अर्धा चमचा कमी करत या, जीभ सरावते. गुळाचा चहा घेत असाल तर सांगते, कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन आहे आणि त्याचा आपल्याला अभिमानही आहे, पण चमच्यामागे कॅलरी जवळजवळ साखरेएवढ्याच. रविवारचा तांबडा-पांढरा मात्र सोडू नका. दोन्हीची एकेक वाटी, तांबड्यावरचा तवंग बाजूला काढून, मटणाचे तुकडे पोटभर, भाकरी एक, आणि त्यावर भात नको. पांढऱ्यात नारळाचं दूध असतं, तो पाण्यासारखा पुन्हा पुन्हा पिऊ नका.

आकड्यांचं. तुमची उंची आणि वजन बघता बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन किती याचा आकडा, ३० च्या आसपास आहे. भारतीयांसाठी २३ नंतर वजन जास्त आणि २५ नंतर लठ्ठपणा धरतात, कारण आपल्याकडे मधुमेह कमी वजनावरच गाठतो. पण लगेच ५५ किलोचं स्वप्न बघू नका. अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात, ज्याचे निष्कर्ष २००२ साली आले, मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांना वजन ७ टक्क्यांनी उतरवायचं आणि आठवड्याला १५० मिनिटं हालचाल करायची एवढंच उद्दिष्ट दिलं होतं. त्यांच्यात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झालं. तुमच्या ७४ किलोचे ७ टक्के म्हणजे पाच किलो आणि थोडंसं. आठवड्याला पाव ते अर्धा किलो धरलं तर चार-पाच महिने लागतील, आणि मध्ये सणवार, परीक्षा, आजारपण आलं तर सहा. चालेल. वजन आठवड्यातून एकदाच करा, सकाळी, एकाच दिवशी. पाळीच्या आधी अंगात पाणी धरून किलो-दीड किलो वाढतं, त्याला घाबरू नका. त्यापेक्षा टेप घ्या. बरगडीचं खालचं टोक आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून मोजा. बायकांसाठी ८० सेंटिमीटरच्या आत हवं. सुरू करण्याआधी रक्तदाब, तीन महिन्यांची सरासरी साखर, थायरॉइड आणि हिमोग्लोबिन एवढ्या चार तपासण्या करून घ्या. थायरॉइड कमी असेल किंवा रक्त कमी असेल तर थकवा येतो आणि बाई स्वतःलाच आळशी समजून बसते.

प्रश्न : मी शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत काम करतो, शिफ्ट दर आठवड्याला बदलते. वय ४१, वजन ९१, कंबर १०४ सेंटिमीटर. दोन मुलं. कामावर घाम निघतो, म्हणजे व्यायाम होतोच ना? रात्रपाळी सुटल्यावर मिसळ खाऊन झोपतो. पोट काही कमी होत नाही.
— एक वाचक, शाहूपुरी

उत्तर : भट्टीजवळ निघणारा घाम उष्णतेचा असतो. त्यानं अंगातलं पाणी जातं, चरबी जात नाही, आणि पाणी प्यायलं की वजन परत येतं. पुरुषांसाठी कंबर ९० च्या आत हवी. तुमची १०४ आहे, म्हणून साखर, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल या महिन्यातच तपासा.

शिफ्ट बदलते तेव्हा घड्याळाची वेळ ठरवून काही टिकत नाही. व्यायाम 'उठल्यावर'शी बांधा. रात्रपाळीत दुपारी दोनला उठलात तर दोनला, पहिल्या पाळीत पहाटे उठलात तर पहाटे. तोंड धुतल्यावर लगेच वीस बैठका आणि दहा जोर, पाठ आणि गुडघे ठीक असतील तर. चालणं मुलांबरोबर. त्यांना सायकल द्या आणि तुम्ही शेजारून झपझप चाला. छातीत जडपणा, दम किंवा डाव्या हातात कळ आली तर तिथंच थांबा आणि लगेच, त्याच क्षणी डॉक्टर गाठा.

रात्रपाळीनंतरची मिसळ आठवड्यातून एकदाच ठेवा, कट बेताचा, पाव दोन, आणि ती दुपारी उठल्यावर खा. पाळी सुटल्यावर झोपण्याआधी दूध-पोहे किंवा दोन अंडी आणि एक भाकरी एवढंच. रात्री दोनच्या सुमारास कँटीनच्या वड्यावर वेळ मारून नेण्यापेक्षा घरून उसळीचा डबा न्या. पहाटे चारनंतर चहा नको, म्हणजे घरी गेल्यावर झोप लागेल. मुलं शाळेत गेल्यावर खोलीत अंधार करून, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून सलग सहा-सात तास झोपा. झोपलात की घोरता का, मध्येच श्वास अडकतो का, हे वहिनींना विचारून पुढच्या पत्रात कळवा.